जनूभाऊंची मेथीण

म्हैस ढेकर देते, हे तुम्हाला माहीत असेल किंवा नसेल. आमच्या पाड्यात मात्र म्हशीनं ढेकर दिला की आभाळाकडे बघून "माफी असावी" म्हणणारा एक माणूस आहे.

थट्टेनं नाही, अगदी गंभीरपणे म्हणतो. दुपारची वेळ असते. चिमणी रवंथ करत बसलेली असते. चिमणी हे म्हशीचं नाव, आणि ती गोठ्यात शिरताना चौकटीनं अंग चोरून घ्यावं एवढी ती मोठी आहे. तिच्या गळ्यातून एक गोळा खालून वर सरकतो, ती तोंड जरासं उघडते. शेजारी बाजेवर पेपर वाचत पडलेले जनूभाऊ पेपर खाली घेतात, चष्मा कपाळावर ढकलतात, दोन्ही हात जोडतात आणि वर बघून म्हणतात, "माफी असावी. मुकं जनावर हाय." मग चष्मा खाली, पेपर वर.

पाहुण्याला वाटतं, म्हातारा फार देवभोळा आहे. पण जनूभाऊ देवाची माफी मागत नाहीत, हवेची मागतात.

मी या गावात भातगिरणी चालवतो. शहापूर सोडून मुरबाडच्या अंगानं निघालात की मध्ये आमचा पाडा लागतो. ना धड इकडचा, ना धड तिकडचा. गिरणी असल्यामुळे गावातलं भात आणि गावातलं भांडण, दोन्ही आधी माझ्याकडे येतं. जनूभाऊंचं घर गिरणीला लागूनच, त्यामुळे भांडणांत मोठा वाटा त्यांचा.

जनूभाऊ पष्टे उभी हयात भातसानगरला धरणाच्या दरवाज्यांवर कामाला होते. वरून हुकूम आला की दरवाजा उघडायचा, हुकूम आला की बंद करायचा. या नोकरीचा त्यांना एवढा अभिमान की मुंबईचा कुणी माणूस भेटला की पहिला प्रश्न, "पाणी कसं येतं? दाब बरा हाय ना?" जणू सकाळी तेच बादलीनं ओतून आले आहेत. रिटायर होऊन गावी आले, थोड्याच दिवसांत त्यांच्या पत्नी मंजुळावहिनी गेल्या. मुलगी वाशिंदला दिलेली. ती दर आठवड्याला फोन करून म्हणते, "बाबा, इकडं या, फ्लॅटमध्ये जागा हाय." जनूभाऊंचं उत्तर ठरलेलं, "आनि चिमणीला कुठं बांधू? लिफ्टमधी?"

तर असे ते चारचौघांसारखे होते. मग गावात श्रुतीमॅडम आल्या.

या मॅडम एका संस्थेच्या. समाजमंदिरात त्यांनी सभा घेतली. सभेनंतर वडापाव आहे, ही बातमी आधीच फुटल्यामुळे गर्दी चांगली होती. मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं, की भाताच्या खाचरात पाणी सारखं तुंबून राहिलं की खालच्या चिखलात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू कुजलेल्या पाल्यापासून मीथेन नावाचा वायू तयार करतात. तो वर हवेत जातो आणि उष्णता धरून ठेवतो. गाई-म्हशींच्या पोटातही तेच होतं, आणि तो ढेकरावाटे बाहेर पडतो. शिवाय आपण दरवर्षी राब भाजतो. म्हणजे झाडांच्या फांद्या तोडायच्या, रोपाच्या जागेवर पालापाचोळा, शेण रचायचं आणि पेटवून द्यायचं. त्यात झाडं जातात ती जातात, वर धूर. तेव्हा खाचरातलं पाणी अधूनमधून उतरू द्या, राब भाजू नका, जनावराला चारा बरा घाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि वडापावच्या दिशेनं गेले. जनूभाऊ जागचे हलले नाहीत. त्यांच्या डोक्यात "पाणी उतरू द्या" एवढंच शिरलं होतं. ज्या माणसानं जन्मभर पाणी सोडलं आणि बंद केलं, त्याला म्हातारपणी कुणीतरी सांगत होतं, की हे जग वाचवायचं तर पाणी सोडायला आणि बंद करायला माणूस पाहिजे. मॅडमना ते म्हणाले, "मॅडम, तुमी योग्य मानसाकडं आलाव."

मीथेन हा शब्द त्यांच्या जिभेवर बसेना. दुसऱ्या दिवशी त्याची "मेथीण" झाली होती. गिरणीत येऊन भात घेऊन बसलेल्या बायकांना ते बोट वर करून सांगू लागले, "खाचरात मेथीण बसलेली हाय. दिसत नाय, वास येत नाय. पानी तुंबलं का ती जागी व्हते. आनि मंग वर जाते, वर!"

धोंडीआजी म्हणाल्या, "म्हंजी हडळच की रं."

"हडळीपरीस वाईट. हडळ एका घराला धरते. ही समद्या दुनियेला धरते."

दुसऱ्या दिवशी जनूभाऊंच्या बांधावर हळदकुंकू वाहिलेलं लिंबू आणि नारळ ठेवलेला सापडला. जनूभाऊंनी लिंबाचं सरबत केलं, नारळ फोडून चिमणीला घातला, आणि "लोकांना इज्ञान कळत नाय" म्हणून माझ्यापाशी अर्धा तास हळहळले.

त्या पावसाळ्यात आवणी, म्हणजे भाताची लावणी, झाली आणि खरी गंमत सुरू झाली. मॅडमनी खाचरात रोवायला भोकं पाडलेला एक प्लास्टिकचा पाइप दिला होता. त्यात डोकावलं की चिखलाखाली पाणी किती उतरलं ते दिसतं. जनूभाऊ भर दुपारी बॅटरी लावून त्या पाइपात बघत. "पातळी!" असं ओरडत. कुणाला, ते कळत नसे. मग बांधाला पाडलेल्या तोंडापाशी जाऊन उभे राहत, खिशातून शिटी काढत आणि गाल फुगवून ती तीनदा वाजवत. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी खालच्या गावांना भोंगा देतात ना, तसं. मग मोठ्यानं ओरडत, "सावधान! पानी सोडण्यात येत आहे! नदीपात्रात कुनी उतरू नये!"

नदीपात्र म्हणजे खालचं बारकूचं खाचर.

बारकू विशे हा जनूभाऊंचा लंगोटीयार. दोघं एका शाळेतून एकाच दिवशी पळून आलेले. बारकू नापास झाला तेव्हा जनूभाऊंनी त्याला सोबत म्हणून नापास होऊन दाखवलं, असं बारकू सांगतो. जनूभाऊ म्हणतात ते उलट आहे. एवढी जुनी मैत्री, पण मेथीण मध्ये आली.

एके दिवशी बारकूनं नुकताच युरिया फेकला होता. घरी जाऊन हात धुतो न धुतो तोच शिटी ऐकू आली. धावत येईस्तोवर वरचं पाणी सुसाट खाली येऊन युरिया घेऊन ओढ्याला लागलेलं. बारकू बांधावरूनच ओरडला.

"जन्या, माझा युरिया गेला ना रे!"

"शिटी मारली व्हती मी," जनूभाऊ शांतपणे म्हणाले. "इशारा दिला व्हता."

"शिटी ऐकून काय युरियानं पळून जायचं व्हतं?"

"गेला ते बरंच झालं. मॅडम म्हनाल्या, युरियाचापन गॅस व्हतो. लई वंगाळ गॅस. मेथीणीची थोरली बहीन समज."

बारकूनं हातातलं घमेलं फेकून मारलं. ते जनूभाऊंना न लागता पाइपाला लागलं. पाइप वाकडा झाला. जनूभाऊंना घमेलं लागल्यापेक्षा जास्त लागलं. दोघांचं बोलणं बंद झालं. बोलणं बंद म्हणजे जनूभाऊ गिरणीत येऊन मला सांगत, "सुरेश, त्याला सांग, उद्या सकाळी पानी सोडनार हाय." बारकू तिथंच पोत्यावर बसलेला असे. तो म्हणे, "सुरेश, त्याला सांग, मला ऐकू आलं."

भात मात्र जनूभाऊंचं वाईट आलं नाही. फार मोठं आलं असंही नाही. आपल्या-तुपल्यासारखं आलं. पण पाणी उतरवूनही भात मरत नाही, एवढं गावानं पाहिलं, आणि जनूभाऊंची छाती फुगली. आता त्यांनी मोर्चा राबाकडे वळवला.

आमच्याकडे भात झोडून झालं, की लोक रानात जाऊन ऐनाच्या, किंजळाच्या फांद्या उतरवतात. त्याला कवळ म्हणतात. ती वाळवून, रचून ठेवायची आणि चैत्रात भाजायची. बारकूनं नेहमीप्रमाणे हिरव्या कवळाचा मोठा ढीग रचला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सोबत घेऊन जाऊन बघतो तर ढिगावर छत्री उघडून जनूभाऊ मांडी घालून बसलेले.

"हा ढीग पेटू देनार नाय," जनूभाऊ म्हणाले. "पेटवायचा तर मलापन पेटव."

बारकूनं तंबाखू मळली. बोलणं बंद असल्यामुळे तो माझ्याकडे वळून म्हणाला, "सुरेश, त्याला सांग, पेटवायला अजून चार महिने हायेत. तवर बस म्हनावं."

जनूभाऊ जरा गडबडले. पण एकदा बसलेला माणूस उठणार कसा? ते बसून राहिले. लोक जमले. बारकूच्या बायकोनं वर चहा पोचवला. म्हातारा उपाशी आंदोलन करतोय हे तिला बघवेना. चहा पिता पिता जनूभाऊ एकाएकी ताठ झाले. त्यांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी छत्री सोडली, कप सोडला आणि अशी काही उडी मारली की या वयात माणूस एवढा उंच उडतो हे मला तेव्हा कळलं. ऐनाच्या पाल्यात लाल मुंगळ्यांचं अख्खं घरटं होतं. ते सगळे जनूभाऊंच्या धोतरात जागे झाले होते. जनूभाऊ ओढ्याकडे पळाले ते थेट पाण्यात जाऊन बसले.

"नदीपात्रात कुनी उतरू नये!" बारकू काठावरून ओरडला. कित्येक महिन्यांनी त्यानं जनूभाऊंशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य.

पण मुंगळे चावले म्हणून जनूभाऊ गप्प बसणारे नव्हते. गिरणीच्या ओट्यावर रोज तेच. कुणी कवळ घेऊन दिसला की "वर जाते, वर!" शेवटी एका संध्याकाळी लोक वैतागले. ओट्यावर दहा-पंधरा माणसं भात भरडून घ्यायला बसली होती. बारकू उठून उभा राहिला.

"जन्या, एक सांग. तुझ्या त्या मॅडम काय म्हनाल्या? दूध न देनारं जनावर फुकटचा गॅस करतं. म्हनाल्या का नाय?"

"म्हनाल्या," जनूभाऊ म्हणाले.

"मंग तुझी चिमणी भाकड हाय. दोन वर्षं थेंब नाय दिला. आता गाभन ऱ्हायचं तिचं वयपन नाय. नुसती खाते आनि ढेकर देते. आमच्या राबाचा धूर दिसतो तुला, तुझ्या दारातली मेथीण दिसत नाय?"

मी गिरणीचं बटण बंद केलं.

बारकूला आता चेव आला होता. "तू चिमणीला वीक. म्हसा गावच्या जत्रंत वीक. ज्या दिवशी विकशील त्या दिवशी मी माझं कवळ गुरांपुढं टाकतो. काय रे, तुमी पन?"

सगळे म्हणाले, आमी पन. कुणाला वाटलं नव्हतं की म्हातारा ऐकेल. जनूभाऊ उठले. त्यांनी टोपी सारखी केली आणि घरी गेले. त्या आठवड्यात त्यांनी कुणाला मेथीण सांगितली नाही. चिमणीनं ढेकर दिला तरी पेपर खाली आला नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. "सुरेश, टेंपो सांग. म्हशाला जायचं."

"जनूभाऊ, बारकू रागाच्या भरात बोलला. मनावर घेऊ नका."

"बोलला ते खरं बोलला. दुसऱ्याला सांगायचं नि आपन करायचं नाय, हे मला नाय जमत."

म्हसा गाव मुरबाडच्या पुढे. पौषातल्या जत्रेला तिथं गुरांचा मोठा बाजार भरतो. बैल, म्हशी, घोंगड्या, तिथली हातोली मिठाई, पाळणे, धूळ. आम्ही चिमणीला टेंपोतून उतरवून एका झाडाखाली बांधली. जनूभाऊंनी तिची शिंगं तेल लावून चमकवली होती. विकायला आणलेल्या म्हशीपेक्षा ती लग्नाला आलेल्या वरमाईसारखी दिसत होती.

पहिलं गिऱ्हाईक किन्हवलीकडचं. त्यानं चिमणीचे दात बघितले, शेपूट उचलली. जनूभाऊंनी त्याला विचारलं, "चारा काय घालाल?"

"पेंढा."

"नुसता पेंढा? नुसत्या पेंढ्यानं मेथीण जास्त व्हते. हिरवा पाला पायजे, थोडी पेंड पायजे. आनि ढेकर दिल्यावर काय म्हनाल?"

"कुनाला?"

"वर."

गिऱ्हाईकानं वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. तो पुढच्या म्हशीकडे गेला.

दुसऱ्याला जनूभाऊंनी स्वतःहून सांगितलं की ही म्हैस दूध देत नाही, देणार नाही आणि दुपारी हिला वाऱ्याला बांधलं नाही तर रुसते. तिसऱ्याला विचारलं, की तुमच्या घरात बायका किती, आणि त्यांचा आवाज कसा आहे. तो माणूस मारायला धावला. मी मध्ये पडलो.

"जनूभाऊ, विकायची आहे ना?"

"विकायची हाय. पन मानूस बघायला नको?"

दुपार कलली. तेव्हा एक व्यापारी आला. पांढरे कपडे, बोलणं फार मऊ. त्यानं दात बघितले नाहीत, कास बघितली नाही. फक्त चिमणीच्या पाठीवरून आणि मांडीवरून हात दाबत फिरवला, आणि भाकड म्हशीचा कुणी सांगणार नाही असा भाव सांगितला. जनूभाऊंनी एवढ्या वेळात तयार ठेवलेल्या प्रश्नांपैकी एकही विचारला नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो हिला चारा घालणार नव्हता.

त्यांनी चिमणीचं दावं झाडापासून सोडलं. व्यापाऱ्यानं हात पुढे केला. जनूभाऊंनी दावं स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं, एकदा, दोनदा, हात पांढरा पडेपर्यंत.

"नाय विकायची," ते म्हणाले. "चुकून आनली."

परत येताना ते टेंपोत पुढे बसलेच नाहीत. मागं चिमणीजवळ उभे राहिले, पाड्यापर्यंत.

गावात जत्रेहून आलेल्या टेंपोत म्हैस तशीच उभी दिसल्यावर काय झालं ते सांगायला नको. पोरं मागं धावली. बारकू ओट्यावर बसून हसत म्हणाला, "मंग? भाजू ना आता राब?"

"भाज," जनूभाऊ म्हणाले. "माझा तोंड उघडायचा हक्क गेला."

ते इतक्या सरळपणे म्हणाले की बारकूचं हसू अर्ध्यावर राहिलं.

मला वाटलं, मेथीण संपली. पण दुसऱ्या दिवशी पहाटे जनूभाऊ विहिरीवर थंड पाण्यानं अंघोळ करताना दिसले. पौषातली थंडी. दात वाजत होते.

"बंब काय झाला?" मी विचारलं.

"बंद. लाकूड जाळायचं नाय. चिमणी वर सोडते, तर तिच्या वाटचं मला कुठंतरी कमी कराय पायजे. सरळ हिशेब हाय."

मग बिडी गेली. मग दुपारचा चहा गेला. मग फटफटी कोपऱ्यात उभी राहिली आणि जनूभाऊ किन्हवलीच्या बाजाराला पायी जाऊ लागले. वाटेत कुणी विचारलं तर सांगत, "चिमणीच्या नावानं." जसं कुणी देवाच्या नावानं अनवाणी चालतं. गावातल्या टवाळांना नवं खेळणं मिळालं. लग्नाच्या पंगतीत जेवून उठलेला माणूस ढेकर देई आणि म्हणे, "जनूभाऊ, माझ्यापन नावानं एक गार अंघोळ करा."

"तू भात खातो," जनूभाऊ शांतपणे समजावत. "तुला चार पोटं नायत. तुझा ढेकर चालतो."

माघात ते आजारी पडले. ताप, खोकला, छातीत घरघर. वाशिंदहून मुलगी आली, डॉक्टर झाला, औषधं झाली. ती परत गेली, तसे दुसऱ्याच दिवशी जनूभाऊ बादली घेऊन विहिरीकडे निघाले. बारकूनं त्यांना वाटेत धरलं. मी गिरणीच्या दारातून सगळं बघत होतो.

"जन्या, मरशील."

"मेलो तर श्वासपन वाचेल. तोपन वरच जातो."

बारकूनं बादली हिसकावली. जनूभाऊंनी धरून ठेवली. दोन म्हातारे एका बादलीला धरून रस्त्यात ओढाओढ करत होते. शेवटी बारकू दमून खाली दगडावर बसला. मग चिडक्या आवाजात म्हणाला, "तुला हिशेबच पायजे ना? मंग हिशेब कर. मी ओढ्याकडच्या तुकड्यात राब नाय भाजत. त्याच्या बदल्यात तू गरम पान्यानं अंघोळ कर."

जनूभाऊंनी डोळे बारीक केले. "रोज?"

"रोज. एका राबाच्या धुरात तुझी म्हातारपनची समदी अंघोळ बसते."

"मॅडमला इचारायला पायजे."

"मॅडमला मरू दे. मी सांगतो, बसते."

बसते की नाही, देव जाणे. पण त्या दिवशी जनूभाऊंच्या घरामागून बंबाचा धूर निघाला आणि तो बघून बारकूनं सोडलेला सुस्कारा गिरणीपर्यंत ऐकू आला.

पाड्यात बातमी पसरली. धोंडीआजी काठी टेकत आल्या. त्यांना जनूभाऊ दुपारचा चहा पीत नाहीत याचं फार वाईट वाटत होतं. "माजा एक वाफा तुज्या च्यापायी सोडला रं. पन साखर घालून पी." कुणी फटफटीसाठी एक तुकडा सोडला. बिडीसाठी मात्र कुणी काही सोडायला तयार झालं नाही, त्यामुळे बिडी सुटली ती सुटलीच. असं करत करत त्या चैत्रात आमच्या पाड्यात निम्म्याहून जास्त राब भाजले गेले नाहीत. श्रुतीमॅडमना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी आनंदानं विचारलं, "लोकांना कसं पटवलंत?" मी काय सांगणार? म्हातारा खोकत होता, म्हणून.

मॅडम येऊन गादीवाफे कसे करायचे ते दाखवून गेल्या. माती उंच ओढायची, कुजलेलं शेणखत मिसळायचं. माझ्या गिरणीमागचा तुसाचा डोंगरही मातीत मिसळायला कामी आला. राब भाजला नाही म्हणून तण जास्त आलं. तण जास्त म्हणून निंदणी जास्त, आणि निंदणी जास्त म्हणून बारकूच्या बायकोच्या शिव्या जास्त. पण रोप उभं राहिलं. हिरवंगार, वीतभर. बारकू रोज सकाळी जाऊन त्याच्याकडे असा बघतो, की जणू त्यालाच ही युक्ती सुचली होती.

ही बातमी जनूभाऊंना द्यावी, म्हणून एका संध्याकाळी मी चिमणीसाठी कोंड्याची पाटी घेऊन त्यांच्याकडे गेलो. पुढचं दार बंद होतं. मी मागून गोठ्याकडे वळलो, आणि थबकलो. आतून बाईचा आवाज येत होता.

"ये गो माझी बाय. खा. आज भाजी खारट झाली बघ, तुझ्या धन्यानं मिठाचा डबाच उपडा केला. ऐकतच नाय मेला. औषध घेतलंस का म्हनून इचार त्याला. इचार."

"गो माझी बाय" हे असं ओढून फक्त मंजुळावहिनी म्हणायच्या.

मी अर्धवट दारातून आत बघितलं. गोठ्यात जनूभाऊ बसले होते. सदऱ्यावरून वहिनींचं हिरवं लुगडं गुंडाळलेलं, पदर डोक्यावरून घेतलेला. चिमणी मान लांब करून त्या पदराचं टोक चाटत होती.

माझी चाहूल लागली. मला वाटलं ते दचकतील, लुगडं काढून फेकतील. त्यांनी फक्त बोट ओठांवर ठेवलं आणि हातानं खूण केली, की बस. मग हळूच उठून दारापाशी आले.

"ती गेली तेव्हा ही दुभती व्हती," ते स्वतःच्या आवाजात कुजबुजले. "मला कासंला हात लावू देईना. लाथ मारायची. कास फुगून ठनकायला लागली. मग कुनीतरी म्हनालं, तिचं लुगडं नेसून बसा. नेसलो, तिच्यागत बोललो. लगेच पान्हा सोडला हिनं."

"पण आता तर दूध नाही," मी म्हणालो.

"दूध नाय." ते चिमणीकडे बघत राहिले. "पन सांजच्याला लुगडं नाय नेसलं तर ही चारा नाय खात. घराच्या मागच्या दाराकडं बघत ऱ्हाते. हिला वाटतं ती घरात हाय. सुरेश, गावात, वाशिंदला, समद्यांना ठाव हाय मंजुळा गेली. एका जीवाला तेवढं वाटतं, ती हाय. तिला कशी विकू?"

रोपाचं सांगायला आलो होतो, ते राहूनच गेलं. त्यांनी माझ्या हातातली पाटी घेतली, पदर पुन्हा डोक्यावरून नीट केला, आणि आत जाऊन बसले.

"बघ गो," आतून आवाज आला, "कोन आलाय. गिरनीवाला सुरेश. कोंडा आनलाय त्यानं तुला."

मी उंबऱ्याजवळ चपला काढल्या आणि म्हणालो, "हो वहिनी. ताजा आहे."